पडद्यावरचं बोंड

तू काय काम करतेस, असं कोणी विचारलं की मी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटते. खरं उत्तर असं आहे की लोकांनी फोन पुन्हा पुन्हा उघडावा म्हणून मी युक्त्या काढते. कुठं चांदणी द्यायची, कुठं नंबर दाखवायचा, कुठं थोडी भीती घालायची, हे मी ठरवते. त्यासाठी मानसशास्त्राची पदवी घेतली, आता बोला. आई बाभुळगावला बालवाडीची बाई होती. ती पोरांच्या पाटीवर खडूनं फूल काढायची आणि पोरं दुसऱ्या दिवशी धावत यायची. मी तेच करते, फक्त पगार जास्त आणि पोरं मोठी.

पुण्यातल्या ज्या कंपनीत मी होते, तिच्याकडं एक दिवस आमच्याच जिल्ह्याचं काम आलं. कापसाची वाईट वर्षं चालू होती. एका संस्थेनं यवतमाळच्या गावागावांत बायका नेमल्या होत्या, त्यांना सोबतीण म्हणायचे. ज्या घरात कोणी गेलंय, जिथं माणसं खचलीत, तिथं सोबतिणीनं जायचं, नऊ प्रश्न विचारायचे आणि उत्तरं फोनमध्ये भरायची. झोप लागते का, जेवण जातं का, कोणाशी बोलावंसं वाटतं का, असे ते प्रश्न. उत्तरं वाईट आली की त्या घरापुढं लाल खूण उमटायची आणि तालुक्याचा डॉक्टर तिथं पोचायचा. बेत चांगला होता, आजही मी त्याला नावं ठेवत नाही. अडचण एवढीच होती की बायका फोनमध्ये फारसं काही भरतच नव्हत्या. साहेब म्हणाले, तू तिकडचीच आहेस, तूच बघ. मी तिकडची होतेच, आणि त्या सोबतिणींमध्ये एक माझी आईही होती. बाबा गेल्यावर घरात एकटी बसून काय करू, म्हणून तिनं हे काम धरलं होतं.

दसऱ्याच्या सुमाराला मी आईकडं गेले. दुसऱ्या दिवशी आईसोबत शेजारच्या गावी निघाले. संस्थेचा फोन तिनं रुमालात गुंडाळून, वरून प्लास्टिकची पिशवी बांधून पोटाशी धरला होता. फोन नव्हे, जणू दह्याचं गाडगं. गावाच्या टोकाला एका घरात आम्ही शिरलो. तिथली सून बावीस-तेवीस वर्षांची असेल. तिचा नवरा दुसऱ्यांच्या शेतात रोजानं फवारणी करायचा. त्या साली फवारणीचं औषध अंगात भिनून माणसं दवाखान्यात जात होती, त्यात तो गेला आणि परत आला नाही. घरात आता ती आणि तिची सासू, दोघीच.

आईनं काय केलं? कोपऱ्यात डाळीचं सूप होतं, ते पुढ्यात ओढलं आणि खडे वेचायला लागली. सून तिच्याशेजारी येऊन बसली. थोड्या वेळानं तिनंही सुपात हात घातला. तासभर दोघी डाळ निवडत होत्या. एक शब्द नाही. सासूनं चहाचं विचारलं नाही, आणि दुखवट्याच्या घरी तो कोणी पीतही नाही. मग आईनं सूप बाजूला सारलं, पोरीच्या पाठीवर हात ठेवला आणि उठून चालायला लागली. 'येतो' म्हणाली नाही. आमच्याकडं बायकाही 'येतो'च म्हणतात, पण दुःखाच्या घरातून निघताना तो शब्द उच्चारत नाहीत. असल्या कामासाठी पुन्हा यायची वेळ येऊ नये, म्हणून.

रस्त्यात माझा पारा चढला. एक प्रश्न नाही, फोनमध्ये एक टिंब नाही, आणि ही बाई म्हणे सोबतीण! मी तिला नीट समजावून सांगितलं, म्हणजे झापलंच. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"पहिल्याझूट इचारत नसतात, बाप्पा," ती म्हणाली. "माणसाचं घर हाय ते, तलाठ्याचं हापिस नाही."

पहिल्याझूट कसलं, त्या घरात ती तोवर दहा-बारा वेळा जाऊन आली होती. मी म्हटलं, आता तेरवी होऊन किती दिवस झाले, अजून 'येतो' म्हणत नाहीस तू? तर म्हणे, तेरवी पंचांगात होते, घरात होत नाही. पोरगी आपल्या तोंडानं बोलायला लागली की मग मी 'येतो' म्हणीन. मला वाटलं, ही माझी आई आणि हे माझं कर्म.

पुण्याला परत येऊन मी कामाला लागले. आमच्या विद्येत असं शिकवतात की माणसाला तीन गोष्टी लागतात. आपल्याला हे जमतंय असं वाटावं, आपण ते आपल्या मनानं करतोय असं वाटावं, आणि आपलं कोणीतरी आहे असं वाटावं. शिवाय एक हत्यार असतं: मिळवण्याच्या आनंदापेक्षा गमावण्याची भीती माणसाला जास्त पळवते. मी मांडणी केली की या बायकांना आपलं काम दिसतच नाही, म्हणून त्या भरत नाहीत. मग त्यांना ते दिसेल असं केलं. पडद्यावर कापसाचं झाड काढलं. ज्या दिवशी भेट नोंदवली, त्या दिवशी एक बोंड फुटून पांढरं व्हायचं. खाडा झाला की एक बोंड गळून खाली पडायचं. दर भेटीला गुण, गुणांप्रमाणे साऱ्या जिल्ह्याची यादी, आणि आठवड्याची अव्वल सोबतीण सगळ्यात वर, फोटोसकट. दुपारी चारपर्यंत भेट झाली नसेल तर फोनमधून कोकिळेचा आवाज निघायचा आणि अक्षरं यायची: 'तुमचं बोंड गळायच्या बेतात आहे! आज एक तरी भेट द्या.' हे वाक्य माझं. कोकिळाही माझीच, बारा आवाज ऐकून निवडलेली.

आणि एक नियम घातला. एका घराला पंधरा दिवसांत एकदाच गुण. नाहीतर शेजारणीच्या ओट्यावर बसून रोज तेच घर भरतील, अशी मला खात्री होती. आपल्याच माणसांना मी चांगली ओळखते, असा तोरा होता माझा.

आईला फोनवर झाड दाखवलं तेव्हा ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, बाकी बेस हाय, पण गळतं बोंड लोकाइले दाखवू नको. त्या वर्षी बोंडअळीनं शेतंच्या शेतं पोखरली होती, बोंडं आतून काळी निघत होती. मी हसून म्हटलं, आई, हे खोटं बोंड आहे. मला ती अपशकुनाची गोष्ट वाटली. तिला काय म्हणायचं होतं ते विचारायला हवं होतं, विचारलं नाही.

दिवाळीनंतर यवतमाळला सगळ्या सोबतिणींची बैठक झाली आणि खेळ सुरू झाला. काय सांगू, तो धावलाच. ज्या बायका आठवड्यात एक भेट भरायच्या त्या दिवसाला चार-पाच भरायला लागल्या. पांढरकवड्याकडची एक बाई तर रानातल्या पोडापोडांवर, कोलामांच्या वस्त्यांवर, पायी जाऊन सगळ्यात वर बसली. पुण्यात आलेखाची रेघ उभी चढली आणि साहेबांनी पेढे वाटले. फक्त यादीत खाली खाली गेलं की शेवटून पहिलं नाव माझ्या आईचं. साहेब गमतीत म्हणाले, काय गं, घरचीच शिष्या नापास? सगळे हसले. मीही हसले आणि संध्याकाळी आईला फोन लावला. आधी चेष्टा केली, मग चेष्टेचा सूर कधी गेला ते कळलं नाही.

"आई, माझं नाक कापू नकोस चारचौघांत," मी म्हटलं.

 मग ती म्हणाली, "बरं."

हे एवढंच. भांडण नाही, काही नाही. बालवाडीच्या बाईनं पोराला पाटीवर फूल काढून द्यावं तसं तिनं मला ते 'बरं' दिलं. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी आठला भाकर बांधून बाहेर पडायला लागली. या गावाहून त्या गावाला, ऑटो मिळाला तर ऑटोनं, नाहीतर पायी. नववी आली, मग चौथी. आणि खोटं कशाला बोलू, तिलाही गोडी लागली. संध्याकाळी फोन करून सांगायची, आज माहं बोंड फुटलं, त्या पांढरकवडेवालीले आता सोडत नाही मी. बाबा गेल्यापासून तिचा आवाज एवढा खुललेला मी ऐकला नव्हता. मी मनात म्हटलं, बघ, शास्त्र खोटं नसतं.

शास्त्रात आणखी एक गोष्ट लिहिलेली असते, तीही मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. जे काम माणूस मनापासून करतो, त्याला बक्षीस चिकटवलं की हळूहळू मन निघून जातं आणि बक्षीस उरतं. पण ते इतरांच्या बाबतीत असतं, आपल्या आईच्या बाबतीत थोडंच असतं?

थंडीत कापसाची वेचणी जोरात असतानाचा एक रविवार. मी सकाळी यादी उघडली तर सगळ्यात वर आईचा फोटो. डोक्यावर पदर, चेहरा घाबरलेला, संस्थेच्या पोरानं काढलेला. मी उड्या मारायच्याच बाकी होत्या. तिला फोनवर फुलांचा गुच्छ पाठवला, सगळ्या नातेवाइकांना फोटो पाठवला. तिला फोन केला, तिनं उचलला नाही. दुपारीही नाही. सोमवारीही नाही. आणि मंगळवारी यादीत दिसलं की तिची दोन बोंडं गळली आहेत. तेव्हा मी शेजारणीला फोन केला. ती म्हणाली, बाई, ती टोकाच्या घरची सून गेली. जीव दिला पोरीनं.

मी निघाले. रात्रभर गाडी, मग यवतमाळहून एसटी. आई ओसरीवर बसली होती, पाण्याचा तांब्या तसाच भरलेला. तिनं मला सगळं सलग सांगितलं, वर्गात गोष्ट सांगायची तशा आवाजात.

खेळात उतरल्यापासून ती त्या घरी बसायला गेलीच नव्हती. गुणांसाठी एकदा गेली होती, तेवढीच. दारातच उभं राहून भराभर नऊ प्रश्न विचारले आणि पोरगी सगळ्याला 'बरं हाय' म्हणाली. लाल खूण उमटायचा प्रश्नच नव्हता. त्यानंतर पंधरा दिवस त्या घराचा उपयोग नव्हता, म्हणून ती रस्त्यानं तशीच पुढं जायची. गुरुवारी अशीच पुढं जात असताना पोरगी दारात आली. तिनं स्वतःहून हाक मारली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"काकू, उद्या येजा," ती म्हणाली. "एक सांगाचं हाय तुमाले."

आणि आईनं त्या घराच्या दारात पहिल्यांदा म्हटलं, "येतो."

शुक्रवारी तिला दोन गावं करायची होती. अव्वल यायला चार घरं कमी होती. तिनं मनाशी म्हटलं, शनिवारी जाऊ, निवांत बसू. शनिवारी पांढरकवड्याच्या बाईनं पुन्हा वरचा नंबर घेतला होता. आईनं संध्याकाळपर्यंत तो परत काढला. रविवारी सकाळी बातमी आली, त्याच सुमाराला मी पुण्यात तिला फुलं पाठवत होते.

"सोमवारी मी तिथं बसून होती," आई म्हणाली. "सारे बसून होते. कोणी बोलत नव्हतं. चार वाजले आन तुही कोकिळा बोंबलली."

पिशवीत, रुमालात गुंडाळलेला फोन. तो बंद कसा करायचा हे तिला ठाऊक नव्हतं. मीच कधी शिकवलं नाही, कारण बायकांनी आवाज बंद करू नये हीच तर माझी योजना होती. कोकिळा तीनदा ओरडायची, तेही मीच ठरवलेलं. सगळ्यांनी वळून पाहिलं. आईनं फोन मांडीखाली दाबून धरला आणि तो थांबेपर्यंत तशीच बसली. आज एक तरी भेट द्या, असं तो तिला सांगत होता.

मी रडले. मी म्हटलं, आई, नियम माझा होता, चूक माझी आहे, मला बोल. मला खरंच हवं होतं की तिनं मला शिव्या द्याव्यात, थोबाडीत मारावी. ती म्हणाली, "तुह्या नियमानं माहे पाय बांधले नव्हते. पाय माहे होते." मग बऱ्याच वेळानं, "एका गोष्टीनं कोणी जात नाही, पोरी. डॉक्टरबी तसंच म्हणे." ते ती मला सांगत होती की स्वतःला, कोण जाणे.

मी एक काम केलं ते सांगायला हवं. माझ्याकडं सगळ्या नोंदी बघायची सोय होती. मी त्या पोरीची नोंद उघडली. झोप लागते का: बरं आहे. जेवण जातं का: बरं आहे. कोणाशी बोलावंसं वाटतं का: बरं आहे. नऊच्या नऊ. सुरू केल्याची वेळ आणि संपल्याची वेळ यांत दीड मिनिटही नव्हतं. आमच्या बैठकीत अशा नोंदीला आम्ही चांगली म्हणत होतो, कारण तिच्यात वेळ वाया गेलेला नसायचा.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी त्या घरी बसायला गेलो. आता तिथं सासू एकटीच. तिनं आमच्याकडं पाहिलं, आत गेली आणि सूप आणून आमच्यापुढं ठेवलं. तेच सूप. आईनं हात घातला, मीही घातला. मला डाळ निवडता येत नाही, मी नुसतीच इकडची डाळ तिकडं करत होते. ऊन ओट्यावरून खाली उतरलं तरी कोणी काही बोललं नाही. मग सासू बोलली. राग नव्हता आवाजात, नुसतं सांगावं तसं सांगितलं.

"दोन दिवस इथं उंबरठ्यावरच बसून होती ते. म्या म्हतलं, आत ये, थंडी वाजन. तं म्हणे, काकू येतो म्हणून गेल्या."

आईचा हात सुपात तसाच राहिला. तिनं मान वर केली नाही. काही वेळानं ती उठली, मी तिच्यामागं उठले, आणि आम्ही काही न बोलता बाहेर पडलो. गाव संपेपर्यंत ती एकदाही थांबली नाही. पांदीच्या वाटेला लागल्यावर एका शेताच्या धुऱ्यावर बसली आणि अशी रडली की मला जवळ जायचं धैर्य झालं नाही. पोरगी मला काय सांगणार होती, एवढंच आई पुन्हा पुन्हा म्हणत होती.

पुण्याला मी सगळं सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पंधरा दिवसांचा नियम निघाला, कोकिळा गेली, बोंड गळायचं थांबलं. आलेखाची रेघ थोडी खाली आली, मग पुन्हा चढली. मी ती नोकरी सोडली का? नाही. दीड वर्ष तिथंच होते, नंतर दुसरीकडं हेच काम करायला लागले. त्या वर्षी आईला अव्वल सोबतिणीचं प्रमाणपत्र घरपोच आलं. ते तिनं स्वयंपाकघरात फळीवर पालथं अंथरलं आणि त्यावर डबे मांडले. फोन पिशवीसकट संस्थेत परत करून आली. त्या सासूकडं मात्र ती रोज जाते. काय बोलता, असं मी एकदा विचारलं. म्हणे, काही नाही, बसतो.

पण मला त्या वेळचं गावाहून निघणं सांगायचं आहे. माझी सकाळची एसटी होती. पिशवी खांद्याला लावून मी दाराशी आले. जन्मभर या दारातून निघताना मी 'येतो' म्हणत आले आणि आतून 'ये' असं उत्तर यायचं, भांडण झालं असलं तरी यायचं. आई चुलीपाशी होती. मी थांबले. शब्द ओठावर आला आणि पुढं सरकेना. आमच्या घरात तेव्हा कोणी गेलेलं नव्हतं, तरी मी 'येतो' म्हटलं नाही. तिनंही काही विचारलं नाही. मी पायऱ्या उतरले आणि चालायला लागले.

कोपऱ्यावर वळताना मागं पाहिलं. आई बाहेर येऊन उंबरठ्यावर बसली होती.